एकच मंदिर धरा: मंदिरस्थापत्य ऑनलाइन शिकताना

मंदिरस्थापत्य शिकायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात खजुराहो, कोणार्क, तंजावर, वेरूळ असं सगळं एकदम उघडलं जातं. फोनमध्ये फोटोंचा ढीग साठतो आणि महिन्याभराने त्यातला एखादा समोर आला, तर तो कुठला हेही सांगता येत नाही. मी नोकरी सांभाळून मूर्तिशास्त्राची पदविका केली. त्या अनुभवातून नव्या मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: एक मंदिर धरा, आणि नेटवर जे जे मिळेल ते त्या एकाच मंदिराला लावून पाहा. मी अंबरनाथचं शिवमंदिर धरलं. लोकलने जाता येतं, मंदिरात कालोल्लेख असलेला शिलालेख आहे, आणि त्यावर दीडशे वर्षांपासून लिहिलं जातंय.

आधी शब्द हवेत. एनसीईआरटीचं अकरावीचं भारतीय कलेवरचं पाठ्यपुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं, त्यातलं मंदिरांवरचं प्रकरण वाचा. जोडीला मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरच्या पुरातत्त्व आणि स्थापत्याच्या नोंदी. गर्भगृह, अंतराळ, मंडप, जंघा, भद्र, वितान हे शब्द डोळ्यांना दिसायला लागले की पुढे जायला हरकत नाही. व्याख्या पाठ करत बसू नका, त्या आपोआप बसतात.

त्यानंतर फोटो नाही, तर तलविन्यास शोधायचा, म्हणजे मंदिराचा जमिनीवरचा आराखडा. इथे बहुतेक जण कंटाळा करतात, पण खरी गंमत इथेच आहे. हेन्री कझिन्स यांचं दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं १९३१ चं पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर आहे, त्यात अंबरनाथ आहे. आराखडा आलेखाच्या कागदावर हाताने उतरवून काढा. गर्भगृहाचा चौरस आणि मंडपाचा चौरस एकमेकांना सरळ न लागता कोपऱ्याच्या बाजूने भिडलेले आहेत, हे रेघ मारताना लक्षात येतं. फोटोत ते कधीच कळत नाही. मग उपग्रहाचा नकाशा उघडून वरून बघा, तोच तिरकेपणा ओळखू येतो. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे गर्भगृहाची मागची भिंत पूर्वेला. एवढं डोक्यात पक्कं असलं की ‘दक्षिण भद्र’ (भद्र म्हणजे भिंतीचा मधला, पुढे आलेला भाग) अशी फोटोओळ वाचताच तो फोटो आराखड्यावर कुठे ठेवायचा ते समजतं.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत एक व्यवहारी सूचना. स्कॅन करताना घडीचे नकाशे बऱ्याचदा न उलगडताच टिपलेले असतात. अशा वेळी त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधायची. भारत सरकारच्या ‘इंडियन कल्चर’ पोर्टलवर दुर्मिळ पुस्तकांचा मोठा साठा आहे, तिथेही पाहावं. शोधताना स्पेलिंग बदलत राहा. इंग्रजांच्या कागदांत ठाण्याचं ‘ठाणा’ असतं आणि दख्खनचं ‘दखन’. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये स्थळांचा एक अख्खा खंड आहे, तोही ऑनलाइन वाचता येतो.

आता फोटो. सगळ्यात भरवशाचा संग्रह अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा, गुरुग्रामच्या केंद्राचा. मायकल मीस्टर आणि मधुसूदन ढाकी यांनी संपादित केलेल्या मंदिरस्थापत्याच्या विश्वकोशाचे खंड १९८३ पासून याच संस्थेने काढले. इथले फोटो सुंदर दिसावेत म्हणून काढलेले नाहीत. अभ्यासकाला एखादा भाग नीट दिसावा म्हणून काढलेले आहेत: एकेक खांब, एकेक थर, एकेक देवकोष्ठ, म्हणजे मूर्तीचा कोनाडा. मी अंबरनाथचे फोटो आराखड्यावर क्रमांक टाकून लावले. ज्या भिंतीचा फोटो मिळाला नाही ती जागा कोरी ठेवली. या कोऱ्या जागांची यादी म्हणजेच प्रत्यक्ष भेटीची यादी.

अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. मग ते दिसत कसं असेल? कल्पनेने काढायची गरज नाही, त्याच जातीचं शाबूत शिखर बघायचं. हे भूमिज शिखर आहे: चारी बाजूंच्या मधोमध एक एक लता, म्हणजे उभी कोरीव पट्टी, वर चढत जाते आणि दोन लतांच्या मधल्या भागात लहान लहान शिखरांच्या आडव्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरला परमार राजा उदयादित्याचं उदयेश्वर मंदिर आहे, १०८० सालच्या सुमाराचं. शोधताना जिल्ह्याचं नाव घालायला विसरू नका, नाहीतर राजस्थानचे राजवाडे आणि तलाव पुढे येत राहतील. आपल्याकडे सिन्नरचं गोंदेश्वर. मधलं मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरं, समोर नंदी, असं ते पंचायतन आहे आणि शिखर उभं आहे. या दोघांचे फोटो अंबरनाथच्या शेजारी ठेवून खालून वर एकेक रांग मोजत गेलं की तुटलेला भाग डोळ्यांसमोर उभा राहतो. माझ्या अभ्यासातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच होता.

काळाच्या बाबतीत मात्र फार जपून राहा. अंबरनाथच्या उत्तर दारावरच्या तुळईवर शिलालेख आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. एकोणिसाव्या शतकात त्यातला शक आधी ७८२ असा वाचला गेला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा वाचला, म्हणजे १०६०. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आलं! जुनी प्रवासी हँडबुकं आणि त्यांच्यावरून उतरवलेले लेख अजून नेटवर आहेत, आणि तिथून ८६० हा आकडा उचलला जाऊ शकतो. म्हणून लेखाची शेवटची चिकित्सक आवृत्ती शोधायची. शिलाहारांच्या बाबतीत ती म्हणजे वा. वि. मिराशींनी संपादित केलेला, १९७७ चा कोरीव लेखांचा खंड. शिलालेख प्रत्येक मंदिराला नसतो, पण जिथे आहे तिथून सुरुवात करणं नवख्याच्या हिताचं, कारण शैलीवरून काळ ठरवायला शिकताना एक तरी पक्का खुंटा हाताशी लागतो.

हाच पक्का आकडा हाताशी धरून आणखी एक गोष्ट तपासता येते. अंबरनाथला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटलेलं आढळेल. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १०६० चं मंदिर त्याच्या कितीतरी आधीचं. ब्लॉग किंवा व्हिडिओ किती भरवशाचा, हे मी अशाच प्रश्नांवरून जोखते: साल कुठून घेतलं ते सांगितलंय का, बाजू आणि दिशा दिल्यात का, मूर्ती ओळखताना हातातली आयुधं सांगितलीत का. ‘अद्भुत’, ‘रहस्यमय’ एवढंच असेल तर वेळ घालवू नये.

ब्रिटिश लायब्ररीकडे जुने फोटो भरपूर आहेत, पण २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या बऱ्याच ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद पडल्या. तेव्हापासून माझा नियम असा: उपयोगाचं काही दिसलं की लगेच उतरवून घ्यायचं, आणि फाइलच्या नावातच मंदिर, भाग, दिशा, सालाचा आधार आणि मिळाल्याची तारीख लिहायची. लायब्ररीचे ते जुने फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोसंग्रहावर आहेत का तेही पाहावं.

एवढं झालं की प्रत्यक्ष जा. देऊळ पूजेतलं आहे, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, त्यामुळे अभ्यासासाठी तो दिवस टाळा. गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या आहेत, पाय जपून टाका. मंदिर संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. कोऱ्या जागांचे फोटो मिळाले की ते कॉमन्सवर चढवा आणि ‘अंबरनाथ मंदिर १२’ असं नाव न देता ‘मंडोवर, दक्षिण बाजू, भद्रावरचं देवकोष्ठ’ असं लिहा (मंडोवर म्हणजे गाभाऱ्याची बाहेरची भिंत). मराठीत लिहा, शेजारी इंग्रजीतही लिहा; दोन्ही भाषांतून शोधणारे तिथे येतात.