रेस दिली की गाडी मागून हलते? शॉकना हात लावण्याआधी हे बघा

हलकी स्पोर्ट्स कार मागून हलायला लागली की लोक पहिला संशय शॉकवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरवर, घेतात. मी मात्र आधी एकच विचारते: ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी काय करते?

बंदिस्त, मोकळ्या आणि कोरड्या जागेत सरळ जाताना दुसऱ्या गियरमध्ये दमदार रेस द्या आणि एकदम सोडा. स्टिअरिंग बोटांत हलकंच धरा. रेस देताना मागचा भाग एका बाजूला सरकला आणि सोडताना उलट बाजूला गेला, तर मागच्या एखाद्या सांध्यात किंवा बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी तुकड्यात) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. रेस दिल्यावर चाक गाडीला पुढे ढकलतं. सांधा ढिला असेल तर तेवढ्यात ते किंचित वळतं, आणि रेस सोडली की परत फिरतं. म्हणजे मागचं चाकच गाडी वळवत असतं. सरळ रस्त्यावर सगळं ठीक आणि फक्त वळणातून बाहेर पडताना मागचा भाग सुटत असेल, तर टायर किंवा अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बघा. फक्त उंचसखल जागी उड्या मारत असेल, तर मात्र शॉक.

टायरला पाच मिनिटं पुरतात. बाजूवर छापलेल्या DOT या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. रबर जुनं होऊन कडक झालं की नक्षी कितीही खोल असली तरी पकड नसते. हवाही तपासा, तीही टायर थंड असताना. पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ ला कंपनीने 26 पीएसआय सांगितली आहे, आणि लोक सवयीने 32 भरतात! मग टायरवर तळहात आडवा फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं बोचलं, तर टो (वरून पाहिलं तर चाक आत की बाहेर वळलंय तो कोन) बिघडलेला आहे.

आता प्ले. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा: इथे हललं तर टो-लिंकचा (टो धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) सांधा बघा. बारा आणि सहाला हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोन्हीकडे सारखंच हललं तर बहुतेक बेअरिंगच. लोटस एलिझच्या मागच्या टो-लिंकचे आतले सांधे तर आवर्जून बघायचे, ती त्या गाडीची जुनी दुखरी नस आहे. नुसत्या हाताने पुष्कळदा काही कळत नाही. दुसऱ्या कुणाला चाक झटक्याने हलवायला सांगा आणि आपलं बोट सांध्यावर टेकवा; डोळ्याला दिसण्याआधी बोटाला टक् लागतं. रबरी बुश टॉमीने (लोखंडी पहारीने) उचकून बघा, फाटलेल्या जागी भेग उघडते. ॲडजस्टमेंटच्या बोल्टच्या वॉशरखाली गंजाऐवजी चकचकीत पट्टा दिसला, तर तो बोल्ट सरकतोय.

हे सगळं घट्ट असल्याशिवाय अलाइनमेंटवर पैसे घालू नका. करताना सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवायला लावा. 960 किलोच्या गाडीत 80 किलोचा माणूस बसला की आठ टक्के वजन वाढतं, आणि मागची उंची बदलली की टोही बदलतो. मागे दोन्ही चाकांना थोडा आणि सारखा टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत) हवा. शून्याच्या पलीकडे टो-आउटकडे (कडा बाहेर) गेला की गाडी बिथरते. बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायचे. हवेत लटकत असताना कसले तर रबर पिळलेलंच राहतं आणि उंची खोटी दिसते.

तरीही वळणात सुटत असेल, तर मागच्या अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) एक लिंक सोडून बांधून ठेवा आणि त्याच बंदिस्त जागेत हळू चालवून बघा. गाडी शांत झाली, तर तो बार जास्त कडक आहे. बाजारातून जाड बार आणून बसवलेल्या गाड्यांत हे हटकून निघतं.