पेन्शनवर येण्याआधीची दोन वर्षं: मराठवाड्यातल्या जवानासाठी

आमच्या औसा तालुक्यात माणूस फौजेतून शिपाई म्हणून येवो की सुभेदार म्हणून, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि गावात पाय ठेवताच मेजर झालो. आता आसपासच्या गावातलं कुणी पोरगं सुट्टीवर आलं की घरी येतं. "मेजर, पुढच्या साली माझं हाय. काय काय करावं लागंल?" त्याला चहा पाजून जे सांगतो, तेच इथं लिहितोय.

पुढच्या साली असेल तर उशीर झालाय, हे पहिलं. दोन वर्षं आधी लागा. दुसरं, यातलं एकही काम बायकोला बाजूला ठेवून करू नका. तुम्ही पूँछला नाही तर तवांगला होता तेव्हा पेरणी, पोरांच्या फिया, सासूचं दुखणं, भावकीची भांडणं तिनं निभावली. तुमच्या माघारी पेन्शनही तिलाच मिळणार आहे. आणि कागदावर बघावं तर निम्म्या घरात ती चुकीच्या नावानं असते.

आधी नावं

आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची सुमन सासरी सविता होते. मग शाळेच्या दाखल्यावर सुमन, आधारवर सविता, बँकेत सविताबाई आणि पलटणीच्या रेकॉर्डला भरती झालेल्या साली क्लर्कनं जे ऐकलं ते. जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्या भागात निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण गुरुजींनी नाव घालताना तोच लिहिला. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमध्ये बदलाची नोंद करणारा पलटणीचा आदेश) निघाली तेव्हा अंदाजानं भलतीच तारीख सांगितलेली असते. नोकरीत असताना यानं काही अडत नाही. फॅमिली पेन्शनची वेळ आली की सगळं अडतं, आणि तेव्हा कागद घेऊन फिरणारी ती एकटीच असते.

पुढच्या सुट्टीत एक दिवस यालाच द्या. आधार, पॅन, बँक पासबुक, शाळेचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि तुमच्या शीट रोलची (नोकरीच्या नोंदींच्या कागदाची) प्रत, सगळं सतरंजीवर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक रेकॉर्डमध्ये असेल तर युनिटच्या क्लर्ककडून प्रतिज्ञापत्र लावून पार्ट टू ऑर्डर काढून घ्या. चूक आधारमध्ये असेल तर आधार दुरुस्त करा. नावच दोन असतील तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायतीत आधी ती करा.

ही कामं नोकरीत असतानाच का? क्लर्क शेजारच्या खोलीत बसतो म्हणून. पेन्शनवर आल्यावर त्याच कामासाठी आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी (आमचं बेळगावला आहे) पत्रव्यवहार करावा लागतो, आणि पत्राला उत्तर येईपर्यंत सोयाबीन निघून हरभरा पेरला जातो.

पोरांची नावं आणि जन्मतारखाही तशाच तपासा. घरात अपंग मूल असेल तर त्याची नोंद आणि वैद्यकीय कागद आत्ताच लावा. अशा मुलाला आई-बापाच्या माघारी फॅमिली पेन्शन मिळू शकते, पण ते मूल रेकॉर्डवर असलं तरच सोपं जातं.

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, हातात आला की लगेच पिशवीत टाकू नका. नाव, बायकोचं नाव, दोघांच्या जन्मतारखा, हुद्दा, ग्रुप, एकूण नोकरी, शेवटचा पगार, खाते क्रमांक एवढं जागेवर वाचा.

मेडिकल

डिस्चार्जसाठी रेजिमेंटच्या सेंटरला जायच्या आधी रिलीज मेडिकल होतं. आपली माणसं इथं मर्दानगी दाखवतात. गुडघा दुखतो, कानात शिट्टी वाजते, पण घरी जायची घाई, म्हणून "सब ठीक है साहब." असं करू नका. जे दुखतं ते सांगा आणि कागदावर लिहून घ्या. आजार नोकरीमुळं झाला किंवा नोकरीमुळं वाढला असं बोर्डानं मानलं आणि अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त धरलं, तर डिसेबिलिटीचा भाग पेन्शनमध्ये मिळतो. पुढं दहा वर्षांनी तोच गुडघा दाखवून हे सिद्ध करणं लई अवघड.

पैसा

एकाच वेळी ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे (जास्तीत जास्त 300 दिवसांचे), एएफपीपी फंड (आपला भविष्य निर्वाह निधी), आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम आणि पेन्शनचा काही भाग विकला, म्हणजे एकरकमी उचलला असेल तर कम्युटेशन, असं सगळं खात्यावर येतं. आयुष्यात एवढे आकडे पासबुकात पहिल्यांदाच दिसतात, आणि गावाला ते तुमच्या आधी कळतात.

कम्युटेशनचा फॉर्म भरण्याआधी वहीवर हिशोब मांडा. समजा मूळ पेन्शन 24,000 रुपये आहे. निम्म्यापर्यंत विकता येते, म्हणजे 12,000. पुढच्या वाढदिवसाला 45 पूर्ण होणार असतील तर तक्त्यातला गुणक 8.996 आहे. 12,000 गुणिले 12 गुणिले 8.996 म्हणजे हातात साधारण 12 लाख 95 हजार, आणि सैनिकाला त्यावर आयकर नाही. त्याबदल्यात 15 वर्षं दर महिन्याला 12,000 कापले जातात, म्हणजे एकूण 21 लाख 60 हजार. 15 वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते. महागाई भत्ता मात्र मधल्या काळातही पूर्ण 24,000 वरच मिळतो. यात फायदा की तोटा हे त्या पैशाचं काय करणार यावर आहे. सावकाराचं किंवा महाग व्याजाचं कर्ज फिटणार असेल तर विका. पोरीचं शिक्षण समोर उभं असेल तरी विका. "सगळेच विकायलेत" म्हणून विकू नका. आणि निम्मीच विकली पाहिजे असंही नाही, कमीही विकता येते.

पैसा आला की तीन माणसं दारात येतात. पहिला बोअरवाला. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण बघितलंय. तरी एकेका माळावर पोरं हजार फुटाला जातात आणि फुफाटा निघाला की शेजारी दुसरं मारतात. मारायचंच तर एक, तेही शेजाऱ्याच्या बोअरला मे महिन्यात पाणी किती असतं हे बघून. दुसरा प्लॉटवाला. एनए झालंय का, सातबारा कुणाच्या नावावर आहे, रस्ता कागदावर आहे की नुसता मुरूम टाकलाय, हे बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

तिसरा सगळ्यात गोड बोलतो. पतसंस्थेत ठेवा, बँकेपेक्षा जास्त व्याज. मराठवाड्यात बुडालेल्या ठेवींच्या पावत्या घेऊन बसलेली माणसं आता प्रत्येक तालुक्यात सापडतील, त्यात फौजीही आहेत. बँकेत ठेवलेल्या पैशाला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत एका माणसाच्या 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला, ती मल्टीस्टेट असली तरी, ते नाही. हा एकच फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

माझा सल्ला एवढाच की पहिलं एक वर्ष मोठा पैसा हलवू नका. दोन बँकांत एफडी करा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला 9 लाख आणि जोडीनं 15 लाखांपर्यंत ठेवता येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना फौजेतून निवृत्त झालेल्याला 50 वर्षं पूर्ण झाल्यावर उघडता येते, त्याआधी नाही. कुणी पैसे मागायला आलं तर "फिक्समध्ये टाकलेत" म्हणायला जागा राहते. भावाला द्यायचे असतील तर द्या, भाऊच आहे. पण बायकोला सांगून द्या.

ईसीएचएस आणि कॅन्टीन

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिची वर्गणी एकदाच भरायची असते. हवालदारापर्यंत 30,000, जेसीओंना (नायब सुभेदार आणि वरचे) 67,000. आई-वडील अवलंबून असतील तर त्यांचंही कार्ड काढा. एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत पाहिजे: साध्या वेळी आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल, मग यादीतलं हॉस्पिटल. जिवावर बेतलं तर जे हॉस्पिटल जवळ असेल तिथं जा, पण ते यादीत नसेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. यादीतली आपल्या जवळची हॉस्पिटलं कोणती हे आत्ताच बघून ठेवा. कॅन्टीन कार्डाचं तुम्हाला सांगायची गरज नाही, ते कुणी विसरत नाही.

दुसरी नोकरी

डिस्चार्जला एक वर्षाच्या आत वेळ उरला असेल तर युनिटची एनओसी घेऊन माजी सैनिकांच्या जागांसाठी आधीच अर्ज करता येतो. राज्य सरकारच्या गट क आणि ड पदांत 15 टक्के समांतर आरक्षण आहे. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत 14.5 टक्के. वयातून फौजेची नोकरी वजा होते आणि वर 3 वर्षं मिळतात. दहावी आणि 15 वर्षांची नोकरी असेल तर केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळतं. ते सेंटरहूनच घेऊन या. जिथं तांत्रिक पदवीच लागते तिथं ते चालत नाही.

केंद्राच्या नियमात एक मेख आहे. राखीव जागेवर एकदा रुजू झालात की पुढच्या भरतीत माजी सैनिक म्हणून आरक्षण मिळत नाही. पण रुजू होतानाच आधी कुठं कुठं अर्ज केलेत त्याची यादी लिहून दिली, तर त्या अर्जांपुरता हक्क राहतो. ती यादी द्यायला विसरू नका.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्याच महिन्यात नाव नोंदवून ओळखपत्र घ्या. पोरांच्या शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची आणि घरपट्टी माफीची चौकशी तिथंच करा. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलाला महिना 2,500 आणि मुलीला 3,000 मिळतात. बारावीला 60 टक्के असावे लागतात आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी अर्ज करायचा असतो.

डीजीआरचे, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाचे, कोर्स नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मिळतात, 24 आठवड्यांपर्यंतचे, आणि जवानांची फी सरकार भरतं. तो वेळ घरी आराम करायला मिळालाय असं समजू नका. वाळूज-शेंद्र्याला कारखान्यात सेफ्टीचं काम करायचं असेल तर तसा कोर्स घ्या. लातूरला क्लासेसची हॉस्टेलं ढिगानं आहेत, तिथं शिस्तीचा वॉर्डन लागतो. मेस्कोमार्फत (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) सुरक्षारक्षकाचं काम मिळतं, पगार फार नाही पण महिन्याच्या महिन्याला येतो. भरतीची अकॅडमी काढायचा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो. गावोगाव आहेत त्या. मैदानावर पळवणं आपल्याला जमतं, गणित आणि मराठी व्याकरण शिकवणारा माणूस आधी शोधा.

घर आणि शिवार

सातबाऱ्यावर वारस नोंद झालीय का बघा. वडील वारले तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होता, भावानं फेरफार केला, त्यात तुमचं नाव आहे का? तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच आहे. भावांचं एकमत असेल तर तहसीलला कलम 85 खाली वाटणी करून घ्या, गोडीत असताना.

पेन्शन महिना 10,000 किंवा जास्त असेल तर पीएम किसानला तुम्ही बसत नाही, बायकोच्या नावावरही नाही. घरात सरकारी पेन्शन येत असेल तर लाडकी बहीणलाही नाही. चालू असतील तर स्वतः बंद करा, नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा बरं. मतदार यादीत तुम्ही सर्व्हिस व्होटर असता, गावच्या यादीसाठी फॉर्म 6 भरा.

आणि पहिल्या हंगामात काही बदलू नका. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, ते तुम्ही जूनमध्ये येऊन मोडू नका. बटईनं दिलेलं रान कोणत्या बोलीवर दिलंय ते बायकोला विचारा. कृषी सेवा केंद्रात माझ्याकडं उधारी मागितली तर दुकानदार म्हणाला, "मेजर, खातं वहिनींच्या नावावर हाय. त्यांचा फोन येऊ द्या, मग देतो." बरोबरच होतं त्याचं. मी फोन लावून दिला.

शेवटचं काम फाईलचं. पीपीओ, डिस्चार्ज बुक, ईसीएचएस कार्ड, विम्याचे कागद आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता एका फाईलला लावा आणि ती कपाटात कुठं आहे हे तिला दाखवा. खातं जोडीनं ठेवा, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं. 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचं लॉगिन तिला तुमच्या समोर एकदा करायला लावा. हयातीचा दाखला दर वर्षी द्यायचा असतो, चुकला की पेन्शन थांबते. शेतात राबून अंगठ्याच्या रेघा झिजल्या असतील तर सीएससीवाल्याच्या मशीनवर ठसा उमटत नाही. तेव्हा जीवन प्रमाणच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून दाखला काढा. आणि पेन्शन कोण देतं असं विचारलं की यादीत बँक निवडू नका, 'स्पर्श' निवडा.