वाहतूक फलक: कुठला, कुठे आणि किती उंचीवर

फलक लावायचं काम बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होतं. खांब कुठे सहज पुरता येईल ते आधी बघतात, खड्डा मारतात, आणि मग त्या जागेला शोभेल अशी पाटी शोधतात. म्हणून वळणावर गाडी पोचल्यावर वळणाची पाटी दिसते आणि ‘नो एन्ट्री’ गल्लीत चाक शिरल्यावर कळते. पंचायत, पालिका किंवा गृहनिर्माण सोसायटी, ज्यांच्याकडे हे काम येतं त्यांनी सुरुवात चालकाच्या डोळ्यापासून करावी. त्याला कुठे काहीतरी करायचं आहे (थांबायचं, वेग कमी करायचा, वळायचं) ती जागा आधी रस्त्यावर खडूने खुणा करून ठरवा. पाटीची जागा तिथून मागे मोजत यायचं.

मागे किती, याचा हिशोब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. पाटी दिसणं, वाचणं, ठरवणं आणि पाय ब्रेकवर जाणं यांना मिळून ४ सेकंद धरले तर ५६ मीटर होतात. ८० च्या वेगाला तेच अंतर ८९ मीटर. ब्रेक लागल्यावर गाडी जे अंतर घसरते ते याच्या पुढचं.

इंडियन रोड्स काँग्रेसचा ‘आयआरसी ६७’ ही फलकांची मुख्य नियमसंहिता आहे. सावधगिरीच्या फलकांसाठी त्यात वर्षानुवर्षं चालत आलेली अंतरं अशी: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गावर सपाट भागात धोक्याच्या १२० मीटर आधी, घाटात ६० मीटर, मुख्य जिल्हा रस्त्यावर ९० आणि ५०, इतर जिल्हा रस्त्यांवर ६० आणि ४०, गावरस्त्यावर ४० आणि ३०. गोव्याच्या सीमेवरच्या अनमोड किंवा चोर्ला घाटात घाटाचाच आकडा धरायचा. तिथे वेग कमी असतो, आणि १२० मीटर मागे लावलेली पाटी मधल्या दुसऱ्याच वळणाची वाटते. गतिरोधकाची पाटी ४० मीटर आधी. ती गतिरोधकाच्या शेजारीच उभी असेल तर तिचा उपयोग फक्त चौकशीच्या अहवालात होतो.

आकार बघून प्रकार ओळखा

लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळं भरलेलं वर्तुळ म्हणजे सक्ती: इथून डावीकडेच जा, हॉर्न वाजवा. लाल कडेचा, टोक वर असलेला त्रिकोण सावध करतो. निळा चौकोन माहिती देतो: इस्पितळ, पेट्रोल पंप, पार्किंग. दोनच फलक आकाराने वेगळे ठेवले आहेत, अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलटा त्रिकोण ‘वाट द्या’. चिखल उडालेला असो, पाठीमागून दिसत असो, ते कळलेच पाहिजेत. म्हणून या दोन फलकांच्या खांबावर दुसरं काहीही चढवू नका, मग ते ‘स्वच्छ गाव’ असलं तरी.

गोंधळ सगळ्यात जास्त पार्किंगच्या पाट्यांत होतो. निळ्यावर लाल कड आणि एकच तिरपी रेघ असेल तर गाडी लावायची नाही. माणूस उतरवायला क्षणभर थांबता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंही नाही. बसथांब्यापाशी, चौकाच्या तोंडाशी आणि अग्निशमन दलाच्या दारात फुलीच हवी. तिथे एकरेघी पाटी लावली की रिक्षा, पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले) आणि पाहुणे घेऊन आलेल्या टॅक्सी ‘दोनच मिनिटं’ उभ्या राहणार, आणि नियमाप्रमाणे त्यांचं चुकतही नाही. मनाई ठराविक दिवसापुरती असेल, जसं म्हापशात शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी, तर खाली पूरक पट्टीवर वार आणि वेळ लिहा. मनाई कुठून कुठपर्यंत आहे ते बाणाने दाखवा. बाण नसलेल्या ‘नो पार्किंग’वर दरवेळी भांडण होतं.

पाटीआधी अधिसूचना

सावधगिरीचा फलक रस्त्याचा मालक लावू शकतो: सार्वजनिक बांधकाम खातं (साबांखा), पालिका किंवा पंचायत. मनाईच्या पाटीचं तसं नाही. एकदिशा मार्ग, नो एन्ट्री, वेगमर्यादा, अवजड वाहनांना बंदी, पार्किंगबंदी यांच्यामागे मोटार वाहन कायदा १९८८ खालचा आदेश लागतो. वेगमर्यादेला कलम ११२, वाहनांवरच्या निर्बंधांना ११५, फलक उभारायला ११६ आणि पार्किंगच्या जागांना ११७. गोव्यात साधारण वाट अशी: ग्रामसभेचा किंवा पालिकेचा ठराव, वाहतूक पोलिस आणि साबांखा यांची संयुक्त पाहणी, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांची अधिसूचना. अर्जासोबत नकाशा जोडा आणि प्रत्येक फलकाची जागा खुणेसकट लिहा: अमुक वीजखांबापासून इतके मीटर, डाव्या बाजूला. ‘शाळेजवळ’ एवढंच लिहिलेला अर्ज पाहणीसाठी परत येतो.

अधिसूचनेशिवाय लावलेल्या पाटीवर दंड केला तर तो टिकत नाही. एकदा लोकांना ते कळलं की मग खऱ्या पाटीलाही कुणी जुमानत नाही.

बंदीची पाटी कुठे लावायची याला एक कसोटी आहे: ती वाचल्यावर चालकाला दुसरा रस्ता धरता आला पाहिजे. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. ही सूचना पुलाच्या चढावर सुरू झाली तर स्कूटरवाला मागे वळणार कुठे? ती आधी शेवटच्या फाट्याच्या अलीकडे, मग फाट्यावर, आणि मग पुलाच्या तोंडाशी, अशी तीनदा हवी. भाड्याची दुचाकी घेतलेला पाहुणा रस्ता ओळखत नाही, हे धरूनच चाला.

पाहणी: दोन वेळा, दोन्ही दिशांनी

पायी चालून पाहणी करू नका. पायी सगळंच दिसतं. गाडीतून, रस्त्याच्या नेहमीच्या वेगाने जा, शेजारी बसलेल्याने पाटी पहिल्यांदा दिसली ती जागा आणि वाचता आली ती जागा नोंदवावी. एक फेरी रात्री, डिपर लावून. दुसरी संध्याकाळी पाच-साडेपाचला.

संध्याकाळची फेरी गोव्यात चुकवू नये. किनाऱ्याकडे जाणारे रस्ते पश्चिमेला तोंड करून आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी गर्दी किनाऱ्याकडे असते. सूर्य चालकाच्या डोळ्यात, पाटीचा चेहरा सावलीत: त्रिकोण दिसतो, आतलं चित्र नाही. मागे मोकळं आकाश असलेल्या जागेपेक्षा झाडाची गर्द पार्श्वभूमी असलेली जागा निवडा. ती मिळत नसेल तर एक माप मोठी पाटी घ्या किंवा उजव्या बाजूलाही तीच पाटी लावा.

झाडांकडे बघताना आजची फांदी बघू नका, ऑगस्टमधली बघा. माडाचा त्रास नसतो. वड, आंबा आणि कुंपणावरची वेल मात्र दोन पावसांत त्रिकोण गिळतात.

उंची, अंतर, कोन

पदपथ असेल तिथे पाटीची खालची कड पदपथापासून २.१ मीटर वर हवी. त्याखाली ठेवली तर डोकी आपटतात आणि उभी असलेली गाडी पाटी झाकते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर, माणसांची ये-जा नसेल तर, रस्त्याच्या मध्यावरच्या उंचीपासून १.५ मीटर पुरतात. काठाचा दगड असेल तर पाटीची रस्त्याकडची कड त्यापासून किमान ६० सेंटिमीटर आत ठेवा, नाहीतर कदंब बसचा आरसा तिला वाकवतो. काठ नसलेल्या रस्त्यावर डांबराच्या कडेपासून २ ते ३ मीटर.

गावातल्या अरुंद रस्त्यावर २ मीटर मिळतच नाहीत. चिऱ्याची गडग, म्हणजे कुंपणाची भिंत, लगेच सुरू होते. पणजीच्या फोंतेन्हाससारख्या भागात तर खांबालाच जागा नाही. तिथे घरमालकाची लेखी परवानगी घेऊन भिंतीवर ब्रॅकेट मारा. गडगेच्या आत खांब पुरू नका: जमीन खासगी, आणि पुढच्या वर्षी तिथे जास्वंद असते.

पाटी वाहतुकीला काटकोनात हवी, पण नेमकी ९० अंशांत बसवली तर दिव्याचा झोत आरशासारखा परत येऊन अक्षरं पांढरी पडतात. रस्त्यापासून बाहेरच्या बाजूला ५ अंश फिरवा. वळणावर खांबाजवळचा रस्ता बघून कोन ठरवू नका. चालक जिथून वाचणार तिथे उभं राहून ठरवा.

एका खांबावर दोनपेक्षा जास्त फलक नकोत. चौकाआधी चार गोष्टी सांगायच्या असतील तर दोन खांब, मध्ये निदान वाचण्याइतकं अंतर.

दिशादर्शक फलक

एका फाट्याला तीन फलक लागतात: अलीकडे पूर्वसूचना, फाट्यावर बाण, आणि पलीकडे अंतर दाखवणारी खात्रीची पाटी. तिसरी बहुतेक वेळा खर्चातून गळते, आणि मग लोक पुढच्या दुकानात विचारतात. पूर्वसूचनेत सरळ जाणारं नाव वर, डावीकडचं मध्ये, उजवीकडचं खाली. पणजीहून झुआरी ओलांडून कुठ्ठाळीला येणाऱ्याला मडगाव वर, वास्को त्याखाली उजव्या बाणासह.

एकदा लिहिलेलं नाव पोचेपर्यंत प्रत्येक फाट्यावर टिकलं पाहिजे. पहिल्या पाटीवर डिचोली, दुसरीवर साखळी, तिसरीवर पुन्हा डिचोली, असं झालं की परका माणूस दुसऱ्या फाट्यावर हमखास चुकतो. फोंड्याकडच्या देवळांच्या, जुन्या गोव्यातल्या चर्चच्या पाट्या तपकिरी पार्श्वभूमीवर येतात. गावांच्या नावांत त्या मिसळू नका.

अक्षराच्या उंचीला सुरक्षित ठोकताळा: १ सेंटिमीटर उंचीला ५ मीटर अंतर. ५६ मीटरवरून वाचायचं तर ११-१२ सेंटिमीटर, महामार्गावरच्या ८९ मीटरला १८. ही उंची देवनागरीत शिरोरेषेपासून खालची. मात्रा, वेलांटी आणि उकाराची जागा वेगळी सोडा. रोमी (इंग्रजी अक्षरांच्या) ओळीच्या मापाने पट्टी पाडली की ‘कुठ्ठाळी’चा उकार खालच्या ओळीत घुसतो. पाटीवर चार नावांच्या वर जाऊ नका.

खांब, पाया आणि खारा वारा

नेहमीच्या फलकाला ७५×७५×६ मिलिमीटरचा लोखंडी अँगल आणि ४५×४५×६० सेंटिमीटरचा एम-१५ काँक्रीटचा पाया लागतो. सिमेंट, वाळू, खडी यांच्या १:२:४ मिश्रणाला एका पायाला साधारण पाऊण पोतं सिमेंट जातं. ९०० मिलिमीटर बाजूचा त्रिकोण ७८ सेंटिमीटर उंच होतो; त्यात २.१ मीटर आणि पायातले ६० सेंटिमीटर मिळवले की खांब ३.५ मीटरचा मागवायचा. खाली शब्दपट्टी असेल तर ती २.१ मीटरच्या वर बसली पाहिजे, तेवढी लांबी वाढवा.

जांभ्यात खड्डा मारणं जड जातं, म्हणून ठेकेदार ३० सेंटिमीटरवर थांबतो. काँक्रीट ओतल्यावर ते कळत नाही. पहिल्या वादळात कळतं. खड्डा टेपने मोजल्याशिवाय ओतू देऊ नका. खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधावर उलट अडचण: माती मऊ. तिथे खोली ९० पर्यंत न्या आणि पाया रुंद करा. गोल पाइप वापरत असाल तर तळाला १५ सेंटिमीटरच्या दोन सळ्या आडव्या वेल्ड करा, नाहीतर वाऱ्याने खांब जागच्या जागी फिरतो आणि पाटी शेताकडे बघत राहते.

गंज सुरू होतो तो जमिनीच्या रेषेवर. काँक्रीट जमिनीच्या ५ सेंटिमीटर वर आणून चारी बाजूंना उतार द्या. खांब गॅल्व्हनाइज्ड घ्या. किनाऱ्यालगत नुसता रंग फार टिकत नाही. वरून २५-२५ सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे, सगळ्यात खालचा काळा.

पत्रा ॲल्युमिनियमचा, लहान पाटीला १.५ मिलिमीटर, मोठीला २. तो थेट लोखंडावर आवळला तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि भोकं मोठी होऊन पाटी खडखडते. मध्ये नायलॉनचा वॉशर, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि बसवल्यावर आटे ठोकून बंद करा. ॲल्युमिनियमला भंगारात भाव आहे.

परावर्तक फिल्म निविदेत ‘चांगल्या प्रतीची’ अशी लिहू नका. प्रकार लिहा: शहरी रस्त्याला टाइप ४, महामार्गाला आणि उंचावरच्या फलकांना टाइप ११. लाल रंग छापील शाईत असेल तर उन्हाने तो सगळ्यात आधी उडतो आणि मनाईचं वर्तुळ गुलाबी होतं; फिल्मवर पारदर्शक रंगीत फिल्म चढवून घ्या. कडा सुटल्या तर दोष बहुधा गोंदाचा नसतो. पत्रा नीट न पुसता, दमट हवेत चिकटवलेली असते. हे काम कारखान्यातच व्हावं, जागेवर नाही.

वर्षाचा क्रम

मे अखेर फांद्या आणि वेली कापा. ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, सगळे फलक धुवा: सावलीतल्या पाट्यांवर हिरवं शेवाळ चढलेलं असतं. साधा साबण, पाणी, मऊ कापड. रॉकेल किंवा थिनर लावला तर फिल्म कायमची धुरकटते. मग एका रात्री टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून ३० मीटरवरून तपासा. पाटी करडी दिसली तर तिची फिल्म गेली, दिवसा कितीही नवी वाटो. जत्रा, कार्निव्हल, शिगमो आणि निवडणूक यांनंतर आणखी एक फेरी लागते, खांबांवर बांधलेले बॅनर आणि सुतळ्या काढायला.

प्रत्येक पाटीच्या मागच्या करड्या बाजूवर क्रमांक, बसवल्याचा महिना-वर्ष, फिल्मचा प्रकार आणि ठेकेदाराचं नाव पक्क्या स्टिकरवर लावून घ्या. तोच क्रमांक नोंदवहीत, अधिसूचनेच्या क्रमांकाशेजारी. फिल्मची हमी काही वर्षांची असते, पण ती मागताना तारीख दाखवावी लागते. ही नोंद पूर्ण झाल्याशिवाय शेवटचं बिल मंजूर करू नका.