क्लिनिकमधला खरकटा हात, थर्ड इयरवाल्यांसाठी

इंदूरला बीडीएस (दातांच्या डॉक्टरची डिग्री) करताय आणि आता क्लिनिकल पोस्टिंग लागणारे ना, मग आधी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करा. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी) बघा, १० mIU/mL किंवा वर आला पाहिजे. हे इतकं कळकळीने सांगतेय कारण मी दोनच डोस घेऊन पोस्टिंगला गेले होते आणि ब्लॉक (भूल देण्याचं इंजेक्शन) दिल्यावर दोन्ही हातांनी टोपण लावताना सुई बोटात घुसली. पेशंट आपले रामबागेकडचे मराठी काका, त्यांना "काका, तुमचं रक्त तपासावं लागेल" म्हणताना माझ्या तोंडातून शब्द फुटेना. रिपोर्ट येईपर्यंत घरी आईला काही बोलले नाही, जेवण जात नव्हतं.

म्हणून टोपण ट्रेवर ठेवा, एकाच हाताने सुई त्यात सरकवा, दुसरा हात लांब. तरी टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, बोट पिळू नका, तोंडात घालू नका, आणि घाबरून लपवू तर अजिबात नका, लगेच सिनियरला सांगा. एचआयव्हीची पीईपी (संसर्ग टाळायला टोचल्यानंतर घ्यायची औषधं) लागली तर दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा.

आता ग्लोव्ह्ज. घरी आपण खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही ना? पेशंटच्या तोंडात गेलेला ग्लोव्ह तसाच खरकटा. त्याच हाताने केस पेपर, मोबाईल, ड्रॉवर, लाईटचं हँडल धरलं की पुढच्याला तेच वाढलं. जे लागणारे ते आधीच काढून ठेवा, हँडलला रॅप लावा, आणि प्रत्येक पेशंटला नवी जोडी, ती काढल्यावरही हात धुवायचे, ग्लोव्ह्जना बारीक भोकं असतात.

हँडपीसवर (दात कोरायच्या ड्रिलवर) स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, आत लाळ-रक्त ओढलं जातं, म्हणून २०-३० सेकंद पाणी सोडा मग ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन). इन्स्ट्रुमेंट्स आधी नीट घासा, वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही, आणि घाईत मशीनमध्ये पाऊच कोंबू नका. पाऊचवरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे जंतू मेलेच असं नाही, त्यासाठी आठवड्याला स्पोअर टेस्ट (चिवट जंतू मशीनमध्ये ठेवून ते मरतात का ते बघणं) असते, झाली का विचारत जा. इम्प्रेशन (दातांचा घेतलेला साचा) पण धुऊन, डिसइन्फेक्ट करूनच लॅबला.

कचऱ्याचं आपल्याला शिकवायला नको, घरी गाडीत ओला-सुका वेगळाच टाकतो. इथे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, सुई पांढऱ्या कडक डब्यात, काच निळ्या डब्यात. सफाईवाल्या मावशी ती पिशवी हाताने उचलतात, लाल पिशवीतली सुई त्यांना टोचते.

आणि ॲप्रन घालून छप्पन दुकानला पोहे खायला जाऊ नका प्लीज, तो काढून वेगळ्या पिशवीत घरी न्या आणि वेगळाच धुवा.