मातीतून निघालेली जुनी घरगुती वस्तू कशी ओळखावी

ठाण्याच्या नौपाडा-चरईतली जुनी घरे पाडून पाया खणताना किंवा नवी मुंबईच्या घणसोली, दिवाळे गावठाणात अंगण उकरताना मेटल डिटेक्टर वाजतो आणि हाती हिरवट, वेडावाकडा तुकडा येतो. तो लगेच चिंच किंवा पितांबरीने घासू नका. कल्हईचा पांढरा अंश, हातोडीचे ठोके, कडेची झीज या खुणा त्यातच जातात. साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती काढा आणि सावलीत वाळवा.

आधी धातू ठरवा. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा बीड (ओतीव लोखंड). वर पितळी मुलामा असला तरी चिकटतो, म्हणून ओरखडलेली जागा पाहा. बाकीसाठी किचनचा डिजिटल काटा पुरतो. वस्तूचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने टांगलेली वस्तू तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. ३४० ग्रॅमची वस्तू बुडवल्यावर ४० दाखवत असेल तर ८.५, म्हणजे बहुधा पितळ. अॅल्युमिनियम २.७, बीड ७.२ च्या आसपास, तांबे ८.९, चांदी १०.५, शिसे ११.३. पोकळीत हवा अडकली तर उत्तर कमी येते, म्हणून पाण्यातच वस्तू फिरवून बुडबुडे काढा. कासे आणि पितळ इथे जवळजवळ सारखेच येतात. तेव्हा टिचकी मारा: कासे लांब घुमते. तडा गेलेले घुमत नाही, पण मग तुटलेली कड बघा. पितळ वाकते, कासे टचकन तुटते.

पुढे काम ओळखायचे, आणि घोळ होतो तो इथेच. काठाला सारख्या अंतरावर तीन भोके असलेली उथळ थाळी दिसली की लोक तिला ताम्हन म्हणतात. ते बहुतेकदा तराजूचे पारडे असते. पाच चोची असलेली, मध्ये आटे पाडलेली तबकडी समईची. चपटी खाच आणि बाजूला दातेरी चाकाची काडी असेल तर तो देवाचा दिवा नव्हे, रॉकेलच्या कंदिलाचा बर्नर. पितळी चपटी टाकी, तिच्या बाजूला पंपाचे भोक आणि कडेला तीन पायांच्या खोबण्या, म्हणजे स्टोव्ह. दोन्ही तोंडे उघडी असलेली हातभर लोखंडी नळी फुंकणी असू शकते. आटे दिसले तर ती पाण्याची पाइप. जाड लोखंडी कडे मुसळाच्या टोकाचेही असते: आतला व्यास मुठीत मावण्याइतका आणि एक कड ठेचलेली. कोळीवाड्यात जाळ्याला लावायचे शिशाचे गोळे, नळ्या भरपूर मिळतात. शिसे हाताळल्यावर हात धुवा.

घडण वयाची ढोबळ कल्पना देते. आतबाहेर ठोक्यांचे मठार असेल तर हाताने घडवलेले, सरळ गोल रेघा असतील तर चरकावर उतरवलेले. मठार आजही करतात, त्यामुळे एवढ्यावर वय ठरवू नका. शेजारी नाणे सापडले तर बघा: मधे भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ चा, व्हिक्टोरियाच्या नाण्यावर ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ किंवा त्यानंतरचे, ‘क्वीन’ असेल तर त्याआधीचे. त्या थराची माती नाण्यापूर्वी पडली नाही, एवढेच यातून कळते. नवी मुंबईतल्या भरावाच्या जागेवर तर तेही नाही, कारण वस्तू मुरमाबरोबर कुठूनही आलेली असते.

खाडीकाठची माती खारट असते. तांबे-पितळेवर फिकट हिरवी भुकटी पुसूनही पुन्हा उठत असेल तर आतले क्षार धातू खात आहेत. बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात वस्तू ठेवा, पाणी रोज बदला, नंतर सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

खणण्याआधी जागामालकाची लेखी परवानगी घ्या. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत डिटेक्टर नेऊच नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, उलव्याचा अर्ज मात्र रायगडला, म्हणजे अलिबागला.