इन्नोचेन्ती आडनावाचा माग कसा काढायचा

दादरला मी इटालियनच्या शिकवण्या घेते. मिलान-तोरिनोला शिकायला किंवा नोकरीला निघालेली मुलं येतात, आणि कधी ना कधी विचारतातच, "मॅडम, आमच्या प्रोफेसरांच्या आडनावाचा अर्थ काय?" अर्थ सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पण ते आडनाव त्या घराण्याकडे आलं कुठून, हे शोधायची एक रीत आहे आणि ती शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. उदाहरणाला मी नेहमी इन्नोचेन्ती घेते. माझे बाबा भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियात कामाला होते. लॅम्ब्रेटा स्कूटर तिथे इन्नोचेन्ती कंपनीच्या परवान्यावर बनायची. बाबांच्या कपाटातल्या जुन्या मॅन्युअलवर 'इन्नोचेन्ती, मिलानो' असं छापलेलं होतं, आणि इटालियन शिकायच्या कितीतरी आधी मी ते नाव बोटाने गिरवलेलं आहे.

पहिलं काम स्पेलिंगचं. देवनागरीवर विसंबू नका, रोमन लिपीतलं नाव कागदावरून उतरवून घ्या. इन्नोचेन्तीत दोन 'एन' लागोपाठ येतात, त्यातला एक गाळलात तर शोधात काही सापडणार नाही. 'सी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला की उच्चार 'च', आणि 'सीएच' आलं की 'क'. त्याचबरोबर आडनावाची भावंडं लिहून ठेवा: इन्नोचेन्ती, देल्यीन्नोचेन्ती, नोचेन्ती, नोचेन्तीनी. जुन्या नोंदीत एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, कारण पाद्रीबुवा कानाला ऐकू येईल तसं लिहीत.

मग शेवट बघा. आपल्याकडे 'कर' दिसला की गाव शोधायचं हे सांगावं लागत नाही, तसं इटलीत शेवटच्या अक्षरावरून प्रांताचा अंदाज येतो. लोहाराचं आडनाव उत्तरेत फेर्रारी, पिएमोन्तेत फेर्रेरो, दक्षिणेत फेर्रारो. तांबूस केसांवरून पडलेलं नाव उत्तर आणि मध्य इटलीत रॉस्सी, तर नेपल्स-सिसिलीकडे रूस्सो. व्हेनिसच्या बाजूला नाव व्यंजनावर थांबतं: बेनेत्तोन, फुर्लान, व्हिझेन्तीन. सार्डिनियात पीरास, मेलिस अशी 'स'ने संपणारी पुष्कळ. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

अर्थाकडे येऊ. इन्नोचेन्ती म्हणजे निष्पाप. इथेच बहुतेकजण थांबतात. खरं तर या आडनावाला निदान दोन वाटा आहेत. एक, पूर्वजाचं नावच इन्नोचेन्ते किंवा इन्नोचेन्त्सो होतं. या नावाचे पोप होऊन गेले, शिवाय येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद राजाने मारलेल्या बाळांचा स्मरणदिन चर्च 28 डिसेंबरला पाळतं, त्यामुळे हे नाव ठेवण्याची चाल होती. दुसरी वाट फ्लोरेन्सच्या ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती या अनाथालयातून येते, आणि तिच्यावर मी वर्गात हटकून जास्त वेळ घालवते.

ही वास्तू रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने बांधायला घेतली, सुरुवातीचा पैसा फ्रान्चेस्को दातीनी या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून आला. वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीच्या आराखड्यावर 1419 मध्ये काम सुरू झालं आणि 1445 च्या फेब्रुवारीत पहिलं मूल आत आलं. ती मुलगी होती, तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. दर्शनी कमानींवर शिल्पकार आंद्रेआ देल्ला रोब्बियाने निळ्या गोलात दुपट्यात गुंडाळलेली बाळं घडवली आहेत. सोडलेल्या मुलाबरोबर आई कधी अर्धं तोडलेलं नाणं, कधी पदकाचा तुकडा, कधी मणी ठेवायची, उरलेला अर्धा स्वतःजवळ. उद्या परत न्यायला आलीच, तर दोन तुकडे जुळवून पोर ओळखायचं. ते तुकडे आज तिथल्या संग्रहालयात आहेत. मुलांना 'इन्नोचेन्ती' म्हणत, आणि पुष्कळांचं तेच आडनाव झालं. मूल सोडायची खिडकी 1875 मध्ये कायमची बंद झाली. त्या वेळी आलेल्या शेवटच्या दोन मुलांची नावं उल्तिमो लाशाती आणि लाउदाता क्यूझुरी अशी ठेवली: 'शेवटचा सोडलेला' आणि 'बंद झालं, देवाची कृपा'.

अशी आडनावं इतर शहरांतही आहेत. नेपल्सच्या आन्नुन्त्सियाता अनाथालयात भिंतीतल्या चाकातून, म्हणजे मूल ठेवायच्या फिरत्या पेटीतून, आलेल्या मुलांचं एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या बोधचिन्हात कबूतर, म्हणून तिथली मुलं कोलोम्बो. रोम आणि आसपास प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेले. मुलांना मी एकच गोष्ट बजावते: समोरच्याचं आडनाव एस्पोझितो आहे म्हणून "तुमचे पूर्वज अनाथ का?" असं तोंडावर विचारू नका. आपल्याकडे फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे जन्मलेल्या यशवंताला मुलगा मानलं आणि स्वतःचं आडनाव दिलं. नाव देण्यात किती माया असू शकते ते आपण जाणतो, तर त्याच अदबीने या आडनावांकडे बघा.

आता आपलं घराणं कोणत्या वाटेने आलं हे ठरवायला नकाशा लागतो. आडनावांची प्रांतवार विभागणी दाखवणारी इटालियन संकेतस्थळं फुकट आहेत. नाव टाका आणि दोन गोष्टी वेगळ्या वाचा: एकूण घरं किती, आणि तिथल्या वस्तीच्या मानाने किती. मिलान आणि रोममध्ये कुठलंही आडनाव आकड्याने मोठं दिसतं, कारण विसाव्या शतकात सगळ्या देशातून माणसं तिथे पोटापाण्याला गेली. मुंबईतल्या एकूण घरांवरून एखाद्या आडनावाचं मूळ गाव ठरवाल का? इन्नोचेन्तीचा खरा दाटवा टस्कनीत, म्हणजे फ्लोरेन्स ज्यात येतं त्या प्रांतात आहे. देशभरात रॉस्सीचा नंबर पहिला, इन्नोचेन्ती त्याच्या जवळपासही नाही, पण फ्लोरेन्सच्या टापूत ते अगदी ओळखीचं नाव आहे.

शेवटचा निवाडा मात्र कागदच करतात. ज्या माणसाबद्दल खात्री आहे त्याच्यापासून एकेक पिढी मागे जा. बहुतेक इटलीसाठी नागरी जन्म-मृत्यू नोंदणी 1866 पासून धरा, रोम आणि व्हेनिसच्या बाजूला 1871 पासून, काही भागांत नेपोलियनच्या काळातलीही आहे. सरकारी दफ्तरखान्यांचं 'आन्तेनाती' नावाचं पोर्टल आहे, त्यावर मूळ पानांची छायाचित्रं विनामूल्य बघता येतात. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या ठेवणं बंधनकारक केलं. फ्लोरेन्सच्या बाप्तिस्म्याच्या वह्या तर 1450 पासूनच्या आहेत आणि त्याही ऑनलाइन.

पानं वाचताना काही शब्द ओळखीचे करून घ्या. बापाच्या नावाआधी 'दी' असेल तर तो हयात, 'फू' असेल तर कैलासवासी. दोन नोंदींतला हा फरक सापडला की मृत्यू कोणत्या वर्षांदरम्यान झाला ते आपोआप कळतं. बायकांची नोंद माहेरच्या आडनावाने असते, तेव्हा आजीचं घराणंही हरवत नाही. आणि 'एस्पोस्तो', 'प्रोयेत्तो' किंवा आई-बाप अज्ञात असल्याची खूण दिसली, तरच अनाथालयाची वाट धरायची. स्कूटर बनवणारे फेर्दिनांदो इन्नोचेन्ती 1891 मध्ये टस्कनीतल्या पेशा गावी जन्मले. आडनावही टस्कन, गावही टस्कन. तरी त्यांच्या खापरपणजोबांना अनाथालयात वाढवलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही, तसा कागद मी पाहिलेला नाही.

खूण सापडलीच, तर फ्लोरेन्सच्या त्या संस्थेच्या दफ्तरखान्याला पत्र लिहा. संस्था आजही मुलांसाठी काम करते. तिथल्या 'दाया आणि मुलं' या वह्यांत मूल कधी आलं, अंगावर काय कपडे होते, सोबत काय खूण होती, कुठल्या दाईकडे दिलं हे लिहिलेलं आहे. पण मुलं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने. म्हणून नुसतं "आमच्या आडनावाची माहिती द्या" असं लिहून उपयोग नाही. इटालियनमध्ये चार ओळी पुरे: मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव, आलेलं वर्ष, आणि ते वर्ष तुम्हाला कोणत्या नोंदीवरून कळलं. त्या नोंदीच्या पानाचं छायाचित्र सोबत जोडा.