गाय उलटतेय? औषधाआधी या चुका तपासा

संकरित गाय दोन-तीनदा भरवूनही (रेतन करूनही) उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की पहिला संशय रेतमात्रेवर जातो, दुसरा डॉक्टरांवर. आधी तो स्वतःच्या पाळतीवर घ्यावा.

माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. बऱ्याच गायी रात्री किंवा पहाटे माजावर येतात, तेव्हा गोठ्यात कोणी नसते. धारा काढताना ओझरती नजर टाकून भागत नाही. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस-वीस मिनिटे हातात काही काम न घेता बघत उभे राहा. दुसरी गाय अंगावर चढली तरी हलत नाही, ती खरी माजावर. दावणीला बांधलेल्या गायीत हे दिसणारच नाही. तिथे सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), हंबरणे आणि दुधातली घट यांवरच भिस्त. उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा माज, वाढतो, तेव्हा तर शेपटीखाली रोज बघावे लागते.

माज दिसताच भरवण्याची घाईही नडते. माज संपल्यावर सुमारे 10 ते 14 तासांनी बीजांड सुटते. म्हणून सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, संध्याकाळची दुसऱ्या दिवशी सकाळी.

माज सरल्यावर दोन-तीन दिवसांनी सोटात रक्त दिसले, तर तेव्हा भरवण्यात अर्थ नाही. वेळ गेलेली असते. ती गाय फळली नाही, असाही निष्कर्ष काढू नका. तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचा माज येणार असेल तर मागच्या माजापासून 18 ते 24 दिवसांत येईल. सोट काचेसारखा स्वच्छ नसेल, पांढुरका किंवा पूमिश्रित असेल, तर मात्र रेतन थांबवून गर्भाशय तपासून घ्या.

व्यायल्यावर साधारण 60 दिवस तरी थांबा. दुधाच्या भरात अंग उतरलेली, बरगड्या दिसणारी गाय नुसत्या खनिज मिश्रणाने फळत नाही; आधी तिचे पोट भरायला हवे.

उलटली नाही म्हणजे गाभणच, हे गृहीत धरणे महागात पडते. 60 ते 90 दिवसांत तपासणी करून घ्या. उलट काही गाभण गायीही माज दाखवतात. न तपासता रेतन केले तर गर्भ पडू शकतो.

आणि सतत उलटणाऱ्या गायीला कालवडीच्या हौसेने लिंगनिर्धारित (बहुतेक मादी वासरेच देणारी) रेतमात्रा देऊ नका. त्या रेतमात्रेच्या कांडीत शुक्राणू कमी असतात. ती मात्रा माजावर येणाऱ्या निरोगी कालवडींसाठी ठेवा.